सीझेडटीएस की पेरोव्हस्काइट? सोलर सेलचा प्रोजेक्ट घेण्याआधी

घराच्या गच्चीवर पॅनेल बसवायचं म्हणून हे वाचायला घेतलं असेल तर इथेच थांबा आणि सरळ सिलिकॉन घ्या. ही तुलना आहे एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचा विषय ठरवणाऱ्यांसाठी.

सीझेडटीएस म्हणजे तांबं, जस्त, कथील आणि गंधक. तांबट आळीत फेरी मारली तर निम्मा माल तिथेच मिळावा. पातळ थरांचे जे सेल आधी बाजारात आले, त्यांतल्या एकाला इंडियम-गॅलियम लागतं. दुसऱ्याला लागतं टेल्युरियम, आणि ते मिळतं तांबं शुद्ध करताना उरलेल्या गाळातून, म्हणजे बेताचंच. म्हणून हा पर्याय पुढे आला. 1988 मध्ये जपानच्या शिन्शू विद्यापीठात इतो आणि नाकाझावा यांनी यातून प्रकाशावर व्होल्टेज मिळवून दाखवलं. बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला प्रकाशाकडून लागणारी किमान ऊर्जा, 1.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट, उन्हाला अगदी साजेसा. कागदावर स्थळ उत्तम!

पण इतक्या वर्षांत कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या किती टक्क्यांची वीज होते तो आकडा, गंधकासोबत सेलेनियम मिसळूनही रांगत रांगत 15 टक्क्यांच्या आसपास पोचली आहे. पेरोव्हस्काइट म्हणजे एका ठराविक स्फटिकरचनेची, बहुधा शिसं असलेली संयुगं. त्यांचा सेल 2009 मध्ये जपानच्या मियासाकांच्या गटाने 3.8 टक्क्यांवर दाखवला, आणि आज तो 26 च्या पुढे आहे.

असं का? तांबं आणि जस्त यांचे अणू आकाराने जवळजवळ सारखे. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी आणि तिथे भलताच माणूस येऊन बसावा, तसे ते स्फटिकात एकमेकांच्या जागा बळकावतात. त्यात कथिलाच्या जागी होणारे दोष वेगळेच. परिणाम व्होल्टेजवर होतो: शुद्ध सल्फाइडमध्ये सव्वा व्होल्टच्या जवळपास अपेक्षा असते, हाती पाऊण व्होल्ट आला तरी पेढे वाटावेत. पेरोव्हस्काइट असले दोष पोटात घालतं.

प्रयोगशाळेत मात्र चित्र फिरतं. पेरोव्हस्काइटला स्पिन कोटर (द्रावणाचा थेंब गरगर फिरवून पातळ थर पसरवणारं यंत्र) आणि 100 अंशांची हॉट प्लेट पुरते, फिल्म डोळ्यांदेखत काळी होते, मजा येते. पण कोल्हापूरच्या जुलैत ग्लोव्हबॉक्सशिवाय, म्हणजे हवा-दमटपणा बाहेर ठेवणाऱ्या बंद पेटीशिवाय, ती काळी फिल्म पिवळी पडायला वेळ लागत नाही, आणि त्यात शिसं आहे, तेही पाण्यात विरघळणाऱ्या रूपात. सीझेडटीएसची फिल्म केमिकल बाथने (काच द्रावणात बुडवून ठेवून) किंवा सिलारने (काच वेगवेगळ्या द्रावणांत आळीपाळीने बुडवून) बसते. शिवाजी विद्यापीठात या पद्धतींची जुनी परंपरा आहे, त्यामुळे विचारायला माणसंही सापडतात. नंतर साधारण 550 अंशांवर गंधकाच्या वाफेत भाजायची. इथे कथील सल्फाइड होऊन उडून जातं, आणि निम्म्या प्रोजेक्टांचं घोडं इथेच अडतं.

माझंही अडलं होतं, पण वेगळ्या कारणाने. एक्सआरडीची (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासण्याची) शिखरं जुळली म्हणून दोन महिने मी खुशीत होतो. झिंक सल्फाइड आणि तांबं-कथील-सल्फाइड यांची मुख्य शिखरंही जवळजवळ त्याच जागी येतात, हे रामन (लेसरचा विखुरलेला प्रकाश मोजून पदार्थ ओळखायची चाचणी) केल्यावर उमगलं. 338 प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं रामन शिखर दाखवल्याशिवाय सीझेडटीएस झालं असं म्हणू नका. कॉलेजात रामन नसेल तर ते कुठून करून मिळेल, हे विषय ठरवण्याआधीच बघा.

आणि ‘स्वस्त’ या शब्दाला फार भुलू नका. आयबीएमने ज्या सेलवर 12.6 टक्के गाठले त्यात सेलेनियम होतं, आणि द्रावणासाठी हायड्रॅझिन वापरलं होतं: विषारी, वर स्फोटक. शिवाय पॅनेलची काच, चौकट, वायरिंग, मजुरी हे सगळं क्षेत्रफळावर मोजलं जातं. 22 टक्क्यांच्या पॅनेलइतकी वीज 15 टक्क्यांच्या पॅनेलकडून हवी तर जवळजवळ दीडपट जागा लागते. तांब्या-जस्तात वाचलेले पैसे तिथे जातात.

तेव्हा ग्लोव्हबॉक्स असेल आणि पूर्ण सेल करून आकडा दाखवायचा असेल तर पेरोव्हस्काइट घ्या. बाथ, फर्नेस आणि चिकाटी असेल, पीएचडीची वर्षं हाताशी असतील, तर सीझेडटीएस. फक्त शीर्षकात ‘उच्च कार्यक्षमता’ लिहू नका. एमएस्सीच्या एका वर्षात पूर्ण सेलच्या मागे लागू नका, फिल्मवरच थांबा आणि कथील किती उडतं तेवढंच नीट मोजा. तांबं थोडं कमी, जस्त थोडं जास्त ठेवा. आणि पहिली फिल्म भाजायच्या आधी फर्नेसला एक्झॉस्ट आहे ना, हे स्वतः जाऊन बघा.