मुघल स्त्रियांवरच्या नोट्स: ६० रुपयांत काय मिळतं?

दर्यापूर-अंजनगावकडच्या अभ्यासिकांत सध्या मुघल राजघराण्यातल्या स्त्रियांवरच्या ४८ पानी स्पायरल नोट्स फिरताहेत. झेरॉक्सच्या दुकानात ६० रुपयांना मिळतात. एरवी हा विषय नूरजहाँच्या दोन ओळींत उरकला जातो, त्यामुळे घ्याव्यातच.

सगळ्यात जमलेला भाग पैशाचा. शब्दाला वजन यायचं तर हाती जहागीर, जहाज आणि शिक्का लागायचा, हे उदाहरणांनिशी दिलंय. जहांगीरची आई मरियम-उझ-झमानी. तिचं 'रहीमी' जहाज १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी पकडलं, तेव्हा बादशहाने आपला अधिकारी मुकर्रबखान याला पोर्तुगीजांच्या दमणवर धाडलं. मुमताज १६३१ मध्ये मेळघाटापलीकडच्या बुऱ्हाणपुरात वारली आणि तिची १७ वर्षांची मुलगी जहाँआरा पादशाह बेगम, म्हणजे राजघराण्यातली पहिल्या मानाची स्त्री झाली. आईच्या संपत्तीतला अर्धा वाटा तिला मिळाला, पुढे सुरत बंदराचा महसूलही.

आता चुका. नूरजहाँने 'फर्मानं' काढली, असं १९ व्या पानावर आहे. लेखी शाही आदेशांची नावं वेगळी असतात: फर्मान फक्त बादशहाचं. बेगमेचा हुकूम, शहजादा-शहजादीचं निशान. वस्तुनिष्ठ प्रश्नात नेमका इथेच गुण जातो. मुघल स्त्रियांच्या यादीत चांदबिबीही घुसवली आहे. ती निजामशाहीची लेक, विजापूरची सून. १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला तिने मुघलांविरुद्धच लढवला. त्यानंतरच्या तहात वऱ्हाड मुघलांकडे गेलं. वऱ्हाडातल्या अभ्यासिकेत तरी ही चूक राहू नये.

खरं नुकसान ३१ व्या पानावर आहे. वंशावळ आडवी छापली आहे आणि झेरॉक्समध्ये उजवी कड कापली जाते. नेमकी तिथेच नूरजहाँची मुलगी लाडली बेगम आणि जावई शहरयार (जहांगीरचा मुलगा) आहेत. ते दोघे दिसले नाहीत, तर १६२७ चा वारसा-संघर्ष कळतच नाही: नूरजहाँ आपल्या जावयाच्या मागे, तिचा भाऊ आसफखान आपल्या जावयाच्या, म्हणजे मुमताजचा नवरा खुर्रम याच्या मागे. दोघं बहीण-भाऊ समोरासमोर का आले, याचं उत्तर या दोन लग्नांत आहे. आसफखान जिंकला, खुर्रम शाहजहान झाला आणि नूरजहाँ वर्षाला २ लाखांच्या तनख्यावर लाहोरला उरली.

तेव्हा दुकानदाराला ३१ वं पान ९० टक्क्यांवर लहान करून काढायला सांगा, आणि प्रत मूळ संचावरून घ्या. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये सनावळ्यांतले १ आणि ९ ओळखू येत नाहीत.