घरभाड्याचा सल्ला: एजंट, वकील की विधी सेवा प्राधिकरण?

सोलापुरात घर भाड्याने देता-घेता अडलं, की जायला तीन ठिकाणं असतात: भाडेकरार करून देणारा एजंट, दिवाणी वकील आणि न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कुठे जायचं हे खिशावर कमी आणि प्रकरण कुठवर आलंय यावर जास्त ठरतं.

भांडण नाही, नुसता करार करायचाय, तर एजंट पुरे. जुळे सोलापूर, होटगी रोडकडे तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो आणि दस्त ऑनलाइन नोंदवतो. आठ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने असं धरलं तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या आसपास बसतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये, वर त्याचं मानधन. पण मसुदा ठरीव असतो आणि त्याला बहुधा मालकाने बोलावलेलं असतं. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचा खर्च कोणाचा, हे भाडेकरूने सहीआधी स्वतः घालून घ्यावं.

‘बॉण्डवर नोटरी करू, चालतंय की’ म्हणणारा भेटला तर सरळ दुसरा एजंट बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, आणि दोषी ठरल्यास मालकाला कैद किंवा दंडही होऊ शकतो.

वकील लागतो तो पेठांतल्या जुन्या भाडेकरूंच्या प्रकरणात. तिथे भाडं वर्षाला चार टक्क्यांनीच वाढतं, थकबाकीसाठी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं, मगच दिवाणी न्यायालय. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे वर सांगितलेल्या अकरा महिन्यांसारख्या कराराची, मुदत संपून माणूस हलत नसेल, तर वाट वेगळी: त्याच कायद्याचं कलम 24, सक्षम प्राधिकारी (अशा प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी) आणि दुप्पट भाड्याची भरपाई. दोन्हींत अनुभव असलेलाच वकील गाठा. पहिल्याच भेटीत फी विचारायला लाजू नका.

विधी सेवा प्राधिकरणाकडे लोक उगाच ‘गरिबांचं’ म्हणून बघतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर. म्हणजे विडी वळणारी भाडेकरू बाई पात्र, आणि एका खोलीच्या भाड्यावर जगणारी विधवा मालकीणही. दावा न लावता लोक अदालतीत तडजोडही होते. वकील मात्र तुमच्या पसंतीचा मिळेलच असं नाही, आणि तारखांची घाई कुणालाच नसते.

मालकाने नळ किंवा लाईट तोडली असेल, तर एजंट कामाचा नाही. कलम 29 खाली न्यायालयातून जोडणी पूर्ववत करून मागता येते. वकील परवडत नसेल तर 15100 वर फोन करा.