पत्रात सांगू की चित्रसूचनेत?

मैत्रिणीची चित्रकथा लिहून तयार आहे, नायिका धनगरवाड्यावरची, कानाला मशीन लावणारी, पण गोष्ट मेंढरू हरवल्याची, मग नायिका अशी आहे हे प्रकाशकाला कळवायचं कुठे, गोष्टीसोबतच्या पत्रात की चित्रसूचनेत, म्हणजे चित्रात काय दिसावं हे सांगणाऱ्या गोष्टीतल्या टिपेत?

पत्रात एक ओळ लिहिली की संपादकाला आधीच कळतं, मेहनतही कमी. पण नुसतं 'विविधता आहे' लिहू नको गं, त्यातून काहीच दिसत नाही, वाडा नि मशीन सरळ लिही.

चित्रसूचना नेमक्या पानावर असते, पण ३२ पानांत दहा सूचना झाल्या की चित्रकाराला जागाच उरत नाही, आणि चित्रकार बहुतेकदा प्रकाशकच ठरवतो.

मशीनमुळे गोष्ट वळत असेल तर सूचना हवीच. नायिका फक्त मशीन लावणारी असेल, गोष्ट त्याने वळत नसेल, तर पत्रातली ओळ पुरे.