ग्राफिक्स कार्डची पेस्ट बदलून घेताय? तापमानासोबत वॅटही बघा

उन्हाळा लागला की पुण्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एक मागणी हमखास वाढते : "कार्ड फार तापतंय, पेस्ट बदलून द्या." काम खरं आहे, गरजेचं आहे आणि नीट केलं तर फरकही पडतो. पेस्ट म्हणजे चिपची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारा लेप. पण कूलरखाली काय लावलंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा, आणि तो आकडा पेस्टला हात न लावताही खाली आणता येतो. माझ्याकडून या कामाचे २,८०० रुपये घेतले आणि कार्ड होतं त्याहून वाईट करून परत दिलं. हे कसं केलं ते सविस्तर लिहितोय, कारण हीच युक्ती कोणत्याही गावात, कोणत्याही कार्डावर चालू शकते.

कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८०, १० जीबीचं. मी लग्नाचे आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे रेंडर, म्हणजे एडिट केलेल्याचा अंतिम व्हिडिओ तयार करायचं काम, लागलं की कार्ड तासन्‌तास पूर्ण भारावर असतं. वॉरंटी संपली होती. एप्रिलमध्ये दुपारी खोलीचंच तापमान ३४ अंश, आणि भारावर कार्डाचे आकडे असे : जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) ८०, हॉट स्पॉट ९९, मेमरी १०६. हॉट स्पॉट म्हणजे चिपच्या आतल्या अनेक सेन्सरांपैकी सगळ्यात तापलेल्याचा आकडा. चांगल्या बसलेल्या कूलरवर तो जीपीयूच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असतो. वीसच्या आसपास गेला की चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळली, सरकली किंवा दाब नीट पडत नाही असं समजायचं. आणि या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच तापट. ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे पेस्ट आणि मेमरीवरचे मऊ पॅड दोन्ही बदलायची वेळ झालीच होती.

दुकान पेठेतलं, पहिल्या मजल्यावरचं, बऱ्यापैकी गर्दीचं. काउंटरवरच्या माणसाने कार्ड हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "सर, पेस्ट पार वाळून गेली असणार. इम्पोर्टेड पेस्ट टाकतो, पॅडचा फुल सेट टाकतो. वीस-पंचवीस डिग्री उतरवून देतो, गॅरंटी." ही गॅरंटी ऐकली की तिथेच सावध व्हावं. चांगली पेस्ट लावून जीपीयूचा आकडा साधारण पाच-दहा अंशांनी उतरतो. हॉट स्पॉट आणि मेमरी त्याहून जास्त उतरू शकतात, पण ते आधी किती बिघडलं होतं त्यावर अवलंबून. कार्ड न उघडताच कोणी पंचवीस अंशांचा शब्द देत असेल, तर तो आकडा कुठून आणणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं.

संध्याकाळी कार्ड घ्यायला गेलो तेव्हा ते दुकानातल्या मशीनवर जोडून ठेवलं होतं. कार्डावर पूर्ण भार टाकणारी फरमार्क ही टेस्ट चालू, तिचं ते केसाळ कडं स्क्रीनवर गरगरतंय, बाजूला कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या जीपीयू-झेडची छोटी खिडकी, आणि तिच्यात जीपीयू ५८ अंश. "बघा सर, ऐंशीचं अठ्ठावन्न केलं." मोबाइलवर त्याने उघडलेल्या कार्डाचा फोटोही दाखवला : चिपवर पसरलेली ताजी पेस्ट, भोवती नवेकोरे निळे पॅड. मी फोटो मागवून घेतला आणि चालू टेस्टचा व्हिडिओ काढला. मला कोणत्याही दुरुस्तीनंतर व्हिडिओ काढून ठेवायची सवय आहे. पुढे सगळं या दोन गोष्टींवरच सिद्ध झालं.

घरी आणून त्याच खोलीत तोच रेंडर लावला. जीपीयू ८२, हॉट स्पॉट १०७, आणि मेमरी थेट ११०. क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली-वर व्हायला लागला, रेंडर रखडला. फोन केला तर उत्तर मिळालं, "नवीन पेस्ट आहे सर, सेट व्हायला आठवडा जातो." काही पेस्ट पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत बसतात आणि एक-दोन अंश उतरतात, हे खरं. पण त्यासाठी दुकानातले ५८ घरी येऊन ८२ होत नाहीत.

मग तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. खिडकीच्या खालच्या भागात, अर्धवट झाकलेल्या ओळीत, बोर्ड पॉवर ड्रॉ, म्हणजे कार्ड एकूण किती वीज घेतंय तो आकडा, दिसत होता : १९० वॅटच्या आसपास. हे कार्ड कारखान्यातून ३२० वॅटचं आहे, आणि फरमार्क त्याला सहज तिथपर्यंत नेतो. पंखा १०० टक्के. वर दुकानात एसी.

इथे थोडं थांबून हिशेब सांगतो, कारण सगळी मेख यातच आहे. कार्ड किती तापणार हे त्याच्यात किती वीज जिरते यावर ठरतं. खोलीच्या तापमानाच्या वर जेवढे अंश चढतात, ते ढोबळमानाने वॅटच्या प्रमाणात चढतात. वॅट चाळीस टक्के कमी केले की ती चढणही तेवढीच कमी होते, मग मध्ये पेस्ट नवी असो की जुनी. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा तसल्या कुठल्याही साधनात पॉवर लिमिटची, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वॅट घ्यायचे हे ठरवणारी पट्टी असते. ती डावीकडे ओढायला दोन सेकंद लागतात. त्यात पंखा पूर्ण वेगाने, आणि खोली ३४ ऐवजी २४ अंशांची. खोलीचेच दहा अंश तिथे फुकटात मिळाले. एवढं केल्यावर ५८ दिसायला पेस्ट बदलायची गरजच उरत नाही. बरं, वॅट कमी करणं यात वावगं काही नाही. व्होल्टेज थोडं उतरवून जवळपास तोच वेग कमी विजेत मिळवता येतो, आणि मी सगळ्यांना ते आधी करून बघा असंच सांगेन. पण ते घरी बसून फुकट होतं. पट्टी सरकवून पेस्टचे पैसे घेणं ही सरळसरळ लबाडी आहे.

माझा मामेभाऊ लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो. कार्ड त्याच्या टेबलावर नेलं. स्क्रूला ड्रायव्हर लावण्यापूर्वीपासून कूलर निघेपर्यंत सलग व्हिडिओ चालू ठेवला, मध्ये कुठेही न थांबवता.

कूलर सुटला आणि तो म्हणाला, "दादा, हे बघ, चिपच्या एका अंगाला टेकलंच नाहीये." पेस्टचा ठसा सगळं सांगून जातो. नीट बसलेल्या कूलरखाली पेस्ट इतकी पातळ दाबली जाते की तांब्याच्या प्लेटवर चिपची चौकट स्पष्ट उमटते आणि जादा पेस्ट कडेला बाहेर येते. आमच्याकडे एका बाजूला ती तशी दाबलेली होती, आणि समोरच्या कोपऱ्यात जाडच्या जाड राखाडी थर, त्यावर ड्रायव्हरच्या टोकाने फासल्याच्या रेघाही तशाच. दाब पडलाच नव्हता. पेस्टही कसली, तर बाजारात सुईशिवायच्या सिरिंजमध्ये पन्नास-शंभर रुपयांना मिळते ती, वाळूसारखी खरखरीत. चिपच्या कडांना जुन्या पेस्टचे वाळलेले पापुद्रे होते. म्हणजे पुसण्याचे कष्टही घेतले नव्हते, त्याच्यावरच नवी फासली होती.

पण खरी वाट लावली होती ती पॅडनी. कार्डावर मेमरी चिप आणि कूलर यांच्यामध्ये मोकळी फट असते, ती भरायला मऊ पॅड लागतात. त्यांची जाडी हा विषय सगळे हलक्यात घेतात. एक मिलिमीटर, दीड, दोन : प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक मॉडेलला वेगळी, आणि एकाच कार्डात मेमरीला एक तर बाजूच्या पॉवरच्या भागांना दुसरी. पॅड पातळ पडला तर मेमरी कूलरला टेकत नाही. जाड आणि कडक पडला तर उलटंच होतं. पॅड कूलरला उचलून धरतो, आणि मुख्य चिपवरचा दाब जातो. आमच्या कार्डात दोन्ही चुका एकदम होत्या. एका बाजूच्या मेमरीवर दोन मिलिमीटरचे कडक निळे पॅड कोंबलेले, म्हणून कूलर तिरका. दुसऱ्या बाजूला जुनेच फाटलेले पॅड, आणि दोन चिपवर तेही नाहीत. मेमरी ११० ला का जात होती, हॉट स्पॉट एवढा वर का चढत होता, दोन्हींचं उत्तर तिथे मिळालं. "पॅडचा फुल सेट" म्हणून पैसे घेतलेले होते.

आणि मग तो फोटो. १० जीबीच्या ३०८० वर मेमरीच्या दहा चिप असतात, एकेक जीबीच्या. बोर्डावर जागा बारा असतात, त्यातल्या दोन रिकाम्या. आमच्या बोर्डावर त्या दोन रिकाम्या जागा समोर दिसत होत्या. दुकानदाराने पाठवलेल्या फोटोत मोजल्या तर चिप बारा. तो फोटो माझ्या कार्डाचा नव्हताच. कोणाच्या तरी दुसऱ्याच, वरच्या मॉडेलचा फोटो तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत असणार. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. घाईत पॅड चुकला असं एक वेळ म्हणता येईल, पण दुसऱ्याच कार्डाचा फोटो तयार ठेवणं हे ठरवून केलेलं काम आहे.

दुकानात गेलो तर आधी सूर नरम होता, पण कार्ड उघडल्याचं कळताच बदलला. "तुम्ही बाहेर उघडलंत ना, आता आमची जबाबदारी संपली." बिलावर फक्त 'सर्व्हिस चार्ज' लिहिलेलं. पेस्टचं नाव नाही, पॅडची जाडी नाही. मी सलग व्हिडिओ दाखवला, १९० वॅटची ओळ दाखवली, बारा चिपचा फोटो दाखवला. तो म्हणाला मालक नाहीत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली. तिथून समजलं ते इतरांच्याही उपयोगाचं : दुकानाला आधी लेखी नोटीस द्यायची, आणि दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, सोबत व्हिडिओतल्या फ्रेम छापून जोडल्या. त्यानंतर मालकाचा स्वतःचा फोन आला आणि २,८०० रुपये यूपीआयने परत मिळाले. रेंडर रखडल्यामुळे एका कुटुंबाला लग्नाचा व्हिडिओ ठरल्या तारखेला देता आला नाही, त्याची भरपाई काही झाली नाही.

कार्ड आम्ही दोघांनी नीट केलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप आणि प्लेट पूर्ण पुसली. मूळ पॅडची जाडी त्या मॉडेलसाठी शोधून, वर न दबलेल्या जुन्या तुकड्यावर कॅलिपरने ताडून पाहिली, आणि मऊ पॅड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले. पेस्ट आर्क्टिकची घेतली, पण अधिकृत विक्रेत्याकडून. या कंपनीच्या एमएक्स मालिकेच्या नकली ट्यूब बाजारात फिरतात, आणि कंपनीनेच स्वतःच्या साइटवर अस्सल-नकली तपासायची सोय ठेवली आहे. चिपभोवतीचे चार स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे करून आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. त्याच खोलीत, पंखा ऑटोवर, पूर्ण ३२० वॅटवर : जीपीयू ७४, हॉट स्पॉट ८६, मेमरी ९०. जीपीयूचे सहा अंश उतरले. पण हॉट स्पॉटचे तेरा आणि मेमरीचे सोळा उतरले, आणि कार्डाचं आयुष्य त्या दोन आकड्यांवर आहे.

ज्यांना हे स्वतः करायचं नाही त्यांनी दुकानातच द्यावं, त्यात गैर काही नाही. चांगले कारागीर आहेत आणि ते प्रश्नांना चिडत नाहीत. कार्ड देण्याआधी घरी जीपीयू, हॉट स्पॉट, मेमरी, बोर्ड पॉवर, पंख्याचा वेग आणि खोलीचं तापमान असे सगळे आकडे एकाच स्क्रीनशॉटमध्ये आणि नोंदीत ठेवा. बिलावर पेस्टचं नाव आणि पॅडची जाडी लिहून मागा. शक्य असेल तर समोर उघडायला सांगा. फोटो दिला तर त्यात बोर्डावरचा सीरियल नंबर दिसला पाहिजे असं आधीच बोला. टेस्टच्या वेळी जीपीयू-झेडची खिडकी पूर्ण ओढून मोठी करायला लावा आणि वॅटची ओळ वाचा. एनव्हिडियाच्या ३०६० सारख्या साध्या जीडीडीआर६ मेमरीच्या कार्डांवर मेमरीचं तापमान दिसतच नाही. तिथे पॅडची चूक आकड्यांत पकडता येत नाही, म्हणून त्या कार्डांच्या बाबतीत समोर उघडणं जास्तच महत्त्वाचं.

आणि ज्यांनी नुकतंच कुठे कार्ड देऊन पेस्ट बदलून घेतली आहे, त्यांनी आज रात्रीच पॉवर लिमिट मूळ जागी आणून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण भार द्या. हॉट स्पॉट आणि जीपीयू यांच्यातलं अंतर वीसच्या वर गेलं तर स्क्रू सोडू नका. आधी स्क्रीनचा व्हिडिओ काढा, दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी कळवा, त्याचं उत्तर येऊ द्या, आणि मगच कॅमेरा चालू ठेवून उघडा.