गोळीमुळे होणारी सांधेदुखी: व्यायाम, औषध की अ‍ॅक्युपंक्चर?

स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्सेमेस्टेन यांपैकी एखादी, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटवणारी गोळी घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे सांधे दुखू लागतात. सकाळी बोटे आखडतात, गुडघे धरतात आणि या त्रासाला कंटाळून काही जणी किमान पाच वर्षे घ्यायची गोळी मध्येच सोडून देतात. आजार उलटू नये म्हणून दिलेली गोळी अशी सुटणे हे दुखण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. म्हणूनच दुखणे किती उतरते याबरोबर, उपाय वर्षानुवर्षे निभेल का, हेही पाहावे.

येल विद्यापीठाच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२१ स्त्रिया होत्या. त्यांतील ज्यांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली वजनांचे व्यायाम केले आणि सोबत दर आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम केला, त्यांची सर्वाधिक वेदना सुमारे २९ टक्क्यांनी घटली. नेहमीचीच काळजी घेतलेल्या गटात ती किंचित वाढली. मात्र २०२० साली सात लहान चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा हा फायदा निर्विवाद ठरला नाही. तरीही माझा कल व्यायामाकडेच आहे, कारण याच गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात, आणि हाडे व स्नायू बळकट ठेवण्याचे काम इतर दोन्ही उपाय करीत नाहीत.

ड्युलोक्सेटिन या नैराश्य व वेदनांवरील औषधाचा परिणाम काही आठवड्यांतच दिसतो. २९९ स्त्रियांच्या चाचणीत १२ आठवड्यांत नकली गोळीपेक्षा वेदनेच्या दहा गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे ०.८ गुण अधिक आराम पडला, पण औषध थांबल्यावर हा फरक उरला नाही. मळमळ, कोरडे तोंड आणि थकवा येऊ शकतो, शिवाय ते एकाएकी बंद करता येत नाही. दुखण्यामुळे चालणेच अशक्य झाले असेल, तर व्यायाम सुरू होईपर्यंतचा आधार म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेणे मला योग्य वाटते. अ‍ॅक्युपंक्चरने सहा आठवड्यांत खोट्या सुयांपेक्षा सुमारे एक गुण अधिक आराम दिला. त्यासाठी प्रशिक्षित व्यक्ती आणि वारंवार फेऱ्या लागतात.

एकाच जागी नव्याने सुरू झालेले, रात्री वाढणारे हाडाचे दुखणे असेल, तर कोणताही उपाय निवडण्याआधी तपासणी करावी. आजार हाडांत पसरला असल्यास वजने फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याविना उचलू नयेत. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर हात सुजू शकतो, पण त्या भीतीने व्यायाम टाळू नये: आधीच हात सुजलेल्या स्त्रियांनीही देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवले, तेव्हा त्यांची सूज वाढली नाही.