मॅकेन्झी आडनावाचा माग, वायपू ते लॉखाल्श: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मॅकेन्झी हे आडनाव घेऊन स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत उतरलं की लगेच लक्षात येतं, नुसत्या आडनावाने इथे काही सापडणार नाही. रॉस-शायरच्या पश्चिम किनाऱ्यावर वाड्याच्या वाड्या मॅकेन्झींच्या. त्यात पुरुषांची नावं केनेथ, अलेक्झांडर, जॉन, मर्डो, रॉडरिक, डंकन एवढ्यांतच फिरणारी. एकाच पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत), मागेपुढे दोन-तीन महिन्यांत, एकाच नावाची दोन बाळं, आणि दोघांच्याही बापाचं नाव जॉन, असं सर्रास दिसतं. तरीही सासरच्या घराण्याचा माग मला न्यूझीलंडमधल्या वायपूपासून स्कॉटलंडमधल्या लॉखाल्शपर्यंत नेता आला. त्यासाठी जी साधनं गेले कित्येक महिने वापरते आहे, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडात अशा घरांशी नातं जुळलेली मराठी कुटुंबं आता बरीच आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी हे लोक इथे न्यूझीलंडला आले कसे ते सांगायला हवं, कारण कुठल्या देशाची कुठली वही उघडायची हे त्यावरच ठरतं. नॉर्मन मॅक्लाउड नावाचा स्कॉटलंडमधल्या असिंटचा एक अत्यंत करारी धर्मोपदेशक १८१७ मध्ये ‘फ्रान्सिस ॲन’ जहाजातून अनुयायांसह कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला गेला. तिथून १८२० मध्ये ही मंडळी केप ब्रेटन बेटावर सेंट ॲन्सला गेली आणि तीस वर्षं तिथे राहिली. जंगल तोडून शेती केली, जहाजंही बांधली. १८४७-४८ च्या सुमारास बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, आणि ऑक्टोबर १८५१ मध्ये ‘मार्गारेट’ हे त्यांचं पहिलं जहाज ऑस्ट्रेलियाकडे निघालं. एप्रिल १८५२ मध्ये ते ॲडलेडला पोचलं. तिथून काही जण मेलबर्नला गेले, आणि शेवटी सगळे न्यूझीलंडच्या उत्तरेला वायपूला स्थिरावले. अशी एकूण सहा जहाजं आली. माझ्या सासऱ्यांचे खापरपणजोबा ‘मार्गारेट’वर होते, तेव्हा लहान मुलगा होते. म्हणजे चार पिढ्यांमागचा हा माणूस केप ब्रेटनमध्ये जन्मला, ऑस्ट्रेलियात मिसरूड फुटेपर्यंत राहिला आणि वायपूत म्हातारा झाला. त्याचे आईवडील तर स्कॉटलंडमध्येच जन्मलेले.

सुरुवात शेवटाकडून करा. न्यूझीलंडची जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद ऑनलाइन शोधता येते, आणि १८७६ पासूनच्या मृत्यूनोंदींत मयताच्या आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, जन्मठिकाण, देशात किती वर्षं राहिला, असं पुष्कळ काही विचारलेलं असतं. खापरपणजोबांच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळालं, फिनलेसन. माझ्या मते सगळ्या शोधातला हा सर्वात मोलाचा शब्द. नुसते मॅकेन्झी शेकड्यांनी निघतात, पण मॅकेन्झी नवरा आणि फिनलेसन बायको, लग्न १८१७ च्या आधी, एवढं हातात असलं की उरलेल्या जोड्या बोटांवर मोजता येतात. फिनलेसन हे आडनाव लॉखाल्श आणि ॲपलक्रॉसच्या बाजूला दाट आहे, त्यामुळे कोणत्या पॅरिशपासून बघायला सुरुवात करायची तेही त्यानेच सांगितलं.

इथे न्यूझीलंडच्या बाबतीत एक अडचण आहे. जनगणनेचे घरोघरचे तक्ते इथे जपलेच गेले नाहीत, त्यामुळे मतदार याद्यांवर भिस्त ठेवावी लागते. १८९३ मध्ये बायकांना मताधिकार मिळाला, त्यामुळे त्या वर्षापासून घरातल्या बायकाही यादीत दिसू लागतात. त्यासाठी जो अर्ज संसदेला दिला होता, त्यावर सह्या करणाऱ्या बायकांची नावंही ऑनलाइन शोधता येतात. ती यादी मी किती तरी वेळ नुसती वाचत बसले होते. ‘पेपर्स पास्ट’ या जुन्या वृत्तपत्रांच्या सरकारी साठ्याला आणि ऑस्ट्रेलियाच्या ‘ट्रोव्ह’ला पैकीच्या पैकी गुण. दोन्ही फुकट. गावातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मृत्युलेखात तो कोणत्या जहाजाने आला, कुठे जन्मला, बहिणी कुठे दिल्या, हे सगळं येतं. असा एक मृत्युलेख मिळाला तर महिनाभराची मेहनत वाचते.

आता स्कॉटलंड. ‘स्कॉटलंड्सपीपल’ ही तिथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्याची अधिकृत साइट. खातं उघडून सूची शोधायला पैसे पडत नाहीत. मूळ पानाचं छायाचित्र बघायचं असेल तर क्रेडिट विकत घ्यावी लागतात, आणि मी वापरलं तेव्हा एका पानाला साधारण दीड पाउंड पडत होता. आपल्या रुपयांत हिशेब केला तर छातीत धस्स होतं, पण वर्षभराच्या वर्गणीपेक्षा हा प्रकार मला प्रामाणिक वाटला. जे बघाल त्याचेच पैसे. उघडलेलं पान खात्यात साठून राहतं, पुन्हा बघायला काही लागत नाही. आडनावातल्या नक्की नसलेल्या अक्षरांच्या जागी तारका (*) टाकून शोधता येतं, आणि ते आलंच पाहिजे. कारकुनाने कधी ‘मॅक’ पूर्ण लिहिलंय, कधी नुसता ‘एम’ आणि वर स्वल्पविराम. बायका तिथल्या नोंदींत लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने असतात, मृत्यूची नोंद तर दोन्ही आडनावांखाली सापडते. सुनेचं, आजीचं, पणजीचं माहेर असं टिकून राहिलेलं बघून मला फार बरं वाटलं.

या साइटचा खरा कस १ जानेवारी १८५५ च्या अलीकडे आणि पलीकडे लागतो. त्या दिवसापासून स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. मृत्यूच्या दाखल्यावर दोन्ही आईवडिलांची नावं, आईच्या माहेरच्या आडनावासकट. पहिल्या वर्षीचे, म्हणजे १८५५ चे दाखले तर अचाट आहेत. त्यांत मयताची मुलं, त्यांची वयं, दफन कुठे झालं तेही आहे. एवढं लिहिणं झेपेना म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. १८५५ च्या आधी मात्र चर्चच्या जुन्या वह्या. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरलची, १५५३ ची, पण हायलँड्समध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, कित्येक पॅरिशांच्या वह्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतात, मध्येच वर्षंच्या वर्षं गायब असतात आणि मृत्यू तर क्वचितच नोंदलेले. १८४३ मध्ये चर्च दुभंगलं तेव्हा हायलँड्सचे बहुतेक लोक वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेले, त्यामुळे पुढच्या दहा-बारा वर्षांचे बाप्तिस्मे दुसऱ्याच वह्यांत शोधावे लागतात. त्या वह्याही आता याच साइटवर आहेत.

मग १८१७ मध्ये देश सोडलेल्या माणसाचे, म्हणजे खापरपणजोबांच्या वडिलांचे, आईवडील शोधायचे कसे? तो तर १८५५ ला तिथे नाही. इथे जो उपाय लागू पडला तो मला कुणी आधी सांगितला असता तर फार बरं झालं असतं: गेलेल्यांना सोडा, राहिलेल्यांना धरा. वायपूतल्या एका नातेवाइकांकडे गेलिक, म्हणजे हायलँड्सच्या जुन्या भाषेतलं, बायबल आहे. त्याच्या आतल्या पानावर एका वाडीचं नाव आणि मूळ पुरुषाच्या थोरल्या बहिणीचं नाव लिहिलेलं. ती बहीण लॉखाल्शमध्येच राहिली आणि १८५५ नंतर वारली. तिचा मृत्यूचा दाखला दीड पाउंडात उघडला, तर त्यावर तिच्या आईवडिलांची नावं. म्हणजे १७५० च्या आसपास जन्मलेल्या जोडप्याची नावं, ज्यांची लग्नाची नोंद कुठल्याही वहीत नाही! दाखला देणारा तिचा भाचा, राहणार त्याच वाडीचा. मी ते पान सासऱ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तिच्या आईचं नाव परत वाच.”

त्या नावाने पुढचं कोडंही सोडवलं. जुन्या स्कॉटिश घरांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं नाव ठेवायचा रिवाज होता. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटणार नाही. केप ब्रेटनमधल्या भावंडांची नावं या क्रमाने मांडली तर दुसरी मुलगी बरोबर त्या आजीच्या नावाची निघाली. हा रिवाज पुरावा नव्हे, सगळे तो पाळतही नसत. पण वाडी, माहेरचं आडनाव आणि नावांचा क्रम तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर माझा विश्वास बसतो. एक सावधगिरी हवी: गेलिक नावाचं इंग्रजी करताना लिहिणारा मर्जीप्रमाणे लिहायचा. ऑयरिग नावाची बाई एका वहीत एफी, दुसरीत युफेमिया, तिसरीत हेन्रिएटा. टोरमॉडचा नॉर्मन होतो. एकाच बाईला तीन बायका समजून बसाल.

मधल्या तीस वर्षांसाठी नोव्हा स्कोशियाचा दफ्तरखाना. त्यांच्याही नोंदी फुकट बघता येतात, पण जन्म-मृत्यूच्या नोंदी १८६४ ते १८७७ आणि मग थेट १९०८ पासून, म्हणजे आमच्या कामाच्या नाहीत. कामाला आले ते केप ब्रेटनचे जमिनीसाठीचे अर्ज. १८४३ पर्यंतचे हे अर्ज सूचीसह ऑनलाइन आहेत. अर्जदार स्वतःचं वय, कुठून आला, बायको आहे का, मुलं किती, असं सांगून जमीन मागतो, आणि शेजारी कोण तेही त्यात येतं. शेजारी बघाच. लॉखाल्शच्या वाडीतले शेजारी सेंट ॲन्सला शेजारी, आणि पुन्हा वायपूलाही शेजारी. जहाजाच्या याद्या मात्र शोधत बसू नका. कॅनडात उतरणाऱ्यांच्या याद्या १८६५ च्या आधी पद्धतशीर ठेवल्याच गेल्या नव्हत्या. १७७३ मध्ये स्कॉटलंडहून पिक्टूला गेलेल्या प्रसिद्ध ‘हेक्टर’ जहाजाची जी यादी फिरते ती नंतर आठवणीतून तयार केलेली आहे, तिच्यावर वंशावळ उभी करू नये.

एका मोठ्या, वर्गणी घेणाऱ्या साइटबद्दल मात्र नाराजी आहे. तिथे इतरांनी बनवलेल्या वंशावळी आयत्या मिळतात, ‘तुमचा पूर्वज सापडला’ म्हणून सूचना येत राहतात, आणि त्यातल्या कित्येकांत आमच्या माणसाला किनटेलच्या, म्हणजे मॅकेन्झींच्या मुख्य, सरदाराच्या घराण्याला नेऊन चिकटवलंय. पुरावा म्हणून दुसऱ्या कुणाची तशीच वंशावळ. आई मुलापेक्षा नऊ वर्षांनी मोठी असलेली एक वंशावळ तर किती जणांनी उचलली आहे बघून वाईट वाटलं. कुणाच्या तरी खऱ्या आईचं नाव त्यात पुसलं जातं. मूळ नोंदींच्या सूचीसाठी ही साइट सार्वजनिक ग्रंथालयात बसून वापरा, आमच्याकडे ती तिथे फुकट मिळते.

डीएनए चाचणीही केली, आणि ती सरसकट सुचवणार नाही. वायपूसारख्या समाजात मूठभर घराणी पिढ्यान्पिढ्या आपसांत लग्नं करत आली. त्यामुळे दोन माणसांतला सामाईक डीएनए प्रत्यक्ष नात्यापेक्षा जास्त दिसतो, लांबचा भाऊ जवळचा वाटतो. सासऱ्यांची वाय गुणसूत्राची चाचणी मात्र बोलकी ठरली. ते गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे आडनावासारखंच. पण त्यांच्याशी जुळणारे पुरुष दोन-तीन वेगळ्याच आडनावांचे निघाले. यात धक्का बसण्यासारखं काही नाही. हायलँड्समध्ये जमीन कसणारी कुळं अनेकदा आपल्या मालकाचं, सरदाराचं आडनाव लावत, आणि बापाच्या, आजोबांच्या नावानेच ओळखली जाणारी माणसं कारकुनाच्या वहीत पहिल्यांदा आडनावाची होत. मॅकेन्झी म्हणजे एकाच माणसाची लेकरं असं नाही. म्हणून माझं सांगणं हेच, की मागे जाताना आडनावापेक्षा वाडी धरा, आईचं माहेर धरा, शेजारी धरा.

कुळचिन्ह छापलेल्या थाळ्या आणि चौकटी विकणाऱ्या दुकानांत पैसे घालवू नका. स्कॉटलंडच्या कायद्याने चिन्ह हे एका व्यक्तीला दिलेलं असतं, आडनावाला नाही. अशी चिन्हं देणाऱ्या लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या दरबारात १६७२ पासूनची नोंदवही आहे, तिच्यात ज्याचं नाव त्याचंच ते.

वायपूचं म्युझियम मात्र अवश्य. सहाही जहाजांच्या घराण्यांचं काम तिथे पिढ्यांपासून जमत आलं आहे, आणि तिथल्या लोकांना वाडीचं नाव सांगितलं की ते पुढचे प्रश्न स्वतःच विचारतात. शक्य असेल तर एक जानेवारीला जा. १८७१ पासून त्या दिवशी तिथे हायलँड खेळ होतात, आणि कागदावर शोधलेल्या आडनावांची माणसं एकाच मैदानात भेटतात.

माझं पुढचं काम एडिनबराच्या दफ्तरखान्यातल्या सीफोर्थ घराण्याच्या कागदांवर आहे. लॉखाल्शची जमीन १८०१ मध्ये विकली जाईपर्यंत त्यांची होती. खंडाच्या वसुलीच्या याद्या सहसा अशाच जमीनदारी कागदांत असतात, म्हणजे वाडीनुसार कोण जमीन कसत होतं आणि किती खंड देत होतं ते. हे कागद स्कॉटलंड्सपीपलवर क्रेडिट भरून उघडत नाहीत, प्रती मागवाव्या लागतात किंवा प्रत्यक्ष जाऊन बघावे लागतात. आमच्या वाडीचं नाव असलेल्या याद्या मागवण्यासाठी अर्ज लिहून ठेवलाय. सासऱ्यांना त्या जोडप्याच्या आधीचा बाप कोण ते बघायचं आहे. मला त्या थोरल्या बहिणीच्या आईचं माहेर.