एकच दिवस हाताशी असेल तर: नीम, सेगोव्हिया की रोम?

रोमन जलसेतू बघायला स्पेनमधलं सेगोव्हिया, फ्रान्समधलं नीम की रोम, हे ठरवण्याआधी शब्दाचा घोळ मिटवू. रोमन ‘अ‍ॅक्विडक्ट’ला आपण सर्रास जलसेतू म्हणतो आणि डोळ्यांसमोर कमानींची रांग येते. खरं तर रोमन लोकांनी बांधला तो पाट. डोंगरातल्या झऱ्यापासून शहरातल्या हौदापर्यंत जाणारा, दगडी, वरून झाकलेला, बराचसा जमिनीखालून नेलेला आणि निव्वळ उतारावर वाहणारा. वाटेत दरी किंवा सखल जमीन आली की नाइलाजाने कमानी. म्हणून कुठे जायचं हे ठरवताना कमानींची उंची मोजत बसू नका. झरा, पाट, पूल आणि हौद यांपैकी काय काय बघायला मिळणार, हे विचारा.

पहिल्या नजरेत सेगोव्हियाच बाजी मारतं. माद्रिदहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासात पोचता येतं. गावातल्या आसोगेहो चौकात उभं राहिलं की डोक्यावर २८ मीटरांहून उंच दुमजली कमानी. ग्रॅनाइटचे चिरे नुसते एकमेकांवर रचलेले, मध्ये चुना नाही की काही नाही. तिकीट नाही, चढ नाही. समोर कॉफी घेऊन बसा आणि बघत राहा. चिऱ्यांवर जागोजागी खळगे दिसतात. दगड उचलताना लोखंडी चिमटा नीट बसावा म्हणून केलेले ते. गावाची कथा मात्र वेगळी: घागरी वाहून थकलेल्या पोरीने सैतानाशी करार केला, कोंबडा आरवण्याआधी पाणी दारात आण म्हणून. शेवटचा एक दगड बसवायचा राहिला आणि कोंबडा आरवला! खळगे म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे म्हणे. एक लक्षात ठेवा, सगळ्या कमानी मूळच्या रोमन नाहीत; अकराव्या शतकात ३६ पडल्या, त्या पंधराव्या शतकात पुन्हा उभ्या केल्या. पूल अप्रतिम आहे, पण पाण्याची उरलेली गोष्ट इथे स्वतःच शोधावी लागते. झरे लांब, ग्वादारामाच्या डोंगरात.

फ्रान्समधल्या नीमचं उलट आहे. जायला थोडी यातायात, पण पाण्याच्या वाटेवरचे झरा, पूल आणि हौद तिन्ही बघता येतात. झरा उझेस गावाच्या खालच्या दरीत, त्याचं नाव यूर. तिथून नीम सरळ रेषेत २० किलोमीटर, पण मध्ये टेकड्या. म्हणून पाट वळसे घेत ५० किलोमीटर नेला. आणि एवढ्या लांबीत एकूण उतार किती? वीस मीटरही नाही. म्हणजे किलोमीटरला हात-दीड हातांपेक्षा कमी, आणि हे पहिल्या शतकात, लाकडी पाणसळीवर. माझ्या मते पुलापेक्षा हे मोठं काम आहे. फक्त त्याचा फोटो निघत नाही.

पूलही साधा नाही म्हणा. गार्दों नदीवरचा पाँ द्यू गार तिमजली, सुमारे ४९ मीटर उंच. भिंतीतून बाहेर आलेले दगड दिसतील, ते बांधकामाच्या परांचीच्या आधारासाठी सोडलेले. खेटून जो रस्त्याचा पूल आहे तो अठराव्या शतकातला, त्याला रोमन समजू नका. वरच्या पाटातून चालायचं असेल तर मार्गदर्शकासोबतची फेरी आधी ठरवावी लागते. जमलं तर कराच. आत भिंतींवर चुन्याचे जाड थर बसलेले दिसतात. पाणी जड होतं. शतकानुशतकं थर साचत गेले आणि पाट अरुंद होत गेला.

बहुतेक लोक पूल पाहून परततात आणि शेवट चुकवतात. नीम शहरात, एका साध्या रस्त्याच्या कडेला, वाटपाचा गोल हौद अजून आहे. त्याला दहा भोकं. त्यांतून शिशाचे नळ निघून पाणी शहरात जायचं. असे हौद फार थोडे उरलेत.

रोमला मुद्दाम यासाठी जाऊ नका, पण जाणारच असाल तर अर्धा दिवस काढा. इसवी सनपूर्व ३१२ पासून पाचशे-साडेपाचशे वर्षांत या शहरासाठी अकरा पाट बांधले गेले. मेट्रोने जूलिओ अग्रिकोला स्थानकाला उतरलं की जवळच जलसेतूंचं उद्यान. तिथे क्लाउदिया पाटाच्या कमानी गवतात उभ्या आहेत, सकाळी धावणारी माणसं आणि कुत्री त्यांच्याखालून जात-येत असतात. गर्दी नाही, तिकीट नाही. त्रेवी कारंज्याला पोचणारं पाणी इसवी सनपूर्व १९ मध्ये सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा याने आणलेल्या व्हिर्गो पाटाच्या वाटेचं. सैनिकांना झरा एका मुलीने दाखवला अशी कथा आहे, आणि ती कारंज्यावरच कोरलेली आहे. सगळे नाणी टाकण्यात दंग असतात, तुम्ही मान वर करा.

इथला माझा आवडता माणूस फ्रॉन्टिनस. इसवी सन ९७ मध्ये तो पाणीखात्याचा प्रमुख झाला आणि त्याने सगळ्याचा हिशेब लिहून ठेवला. त्यात नळांची मापं आहेत, आणि खात्यातल्याच लोकांनी पैसे घेऊन जोडलेल्या चोरट्या नळांची तक्रारही! वाचताना कुणालाही आपलं गाव आठवेल.

तर निवड. आईवडील सोबत असतील, गुडघे कुरकुरत असतील, किंवा माद्रिदला दोनच रात्री असतील, तर सेगोव्हिया. पश्चात्ताप होणार नाही. रोमचं तिकीट काढलेलंच असेल तर दुसरीकडे धावू नका. पण पाणी कसं खेळवलं हे समजून घ्यायचं असेल, तर नीम, आणि तेही गाडी भाड्याने घेऊन. बस आहे, पण तिच्या वेळांत दिवस अडकतो. उन्हाळ्यात पोहण्याचे कपडे न्या, पुलाखालच्या नदीत लोक डुंबतात.

आणि सुरुवात पुलापासून करू नका. सकाळी उझेसला झऱ्यापाशी, दुपारी पुलावर, उन्हं कलताना नीमच्या हौदाशी. पाण्याला हीच वाट कापायला एका दिवसाहून थोडा जास्त वेळ लागत असावा, असा अंदाज आहे.